न गळणारा पंप

डिझेल चोरीला गेलंच नव्हतं. हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून आजपर्यंत मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. एकदा सांगायचं म्हणून थेट चारकोपपर्यंत गेलो होतो, आणि चहा पिऊन परत आलो. पंचविशीत केलेली गोष्ट पन्नाशी उलटून गेली तरी आतच राहिली. आता लिहून टाकतो.

गिरण्या बंद पडून दोन-तीन वर्षं झाली होती. बाबा घाटकोपरच्या आमच्या चाळीत दारात स्टूल टाकून बसायचे आणि तोच पेपर दोनदा वाचायचे. घरात पगार येत होता तो फक्त माझा. मी मुलुंडला एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठकडे कामाला होतो. हायवेच्या कडेला त्यांचं आवार होतं. पाच ट्रक, एक लिंबाचं झाड, पाण्याचा हौद, आणि पत्र्याची एक खोली. त्या खोलीला 'स्टोअर' म्हणायचे आणि मला 'स्टोअरवाला'. ऑइलचे डबे, फिल्टर, पट्टे, नटबोल्ट सगळं माझ्या ताब्यात असायचं. गाडीला काही लागलं की बाजारात जाऊन मीच आणायचो. मागच्या मिठागरांवरून वारा सुटला की खारट, ओलसर वास यायचा आणि त्यात डिझेलचा वास मिसळायचा. तो मिश्र वास मला पुन्हा कुठे भेटला नाही. भेटला तर मी आजही तिथं थांबेन.

आमच्या पाच ड्रायव्हरांत सगळ्यांत जुना होता मामा. मालवणकडचा, पंचेचाळिशीचा, अंगानं काटक. सगळं आवारच त्याला मामा म्हणायचं, शेठसुद्धा. त्याची गाडी ठरलेली होती आणि रस्ताही ठरलेला होता. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून रंगाचे डबे भरायचे, नाशिकला उतरवायचे, परत यायचं. तपकीर ओढायची त्याला भारी सवय. तपकिरीनं त्याचं नाक इतकं मेलं होतं, की एकदा त्याच्या डब्यातली आमटी विटली होती आणि ते त्याला सोडून सगळ्यांना कळलं. त्यानं ती मिटक्या मारत संपवली.

"मामा, अहो वास येतोय."

"वास तुमका येता, जेवतंय मी," तो म्हणाला.

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढायचा. बायकोच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा त्यानं त्यासाठीच ठेवला होता. पट्टी पुसायची, परत आत घालायची, पुन्हा काढून उन्हात तिरकी धरायची आणि एक डोळा मिटून बघायची. वैद्य नाडी बघतो तसं. इंजिन जुनं होतं, ऑइल प्यायचं. दर फेरीला एखादा लिटर टाकावंच लागायचं. मग तो माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणायचा, "झिला, म्हातारेक दूध दी." म्हातारी म्हणजे गाडी. मी डबा काढून द्यायचो.

एका सकाळी त्यानं मला गाडीपाशी बोलावलं.

"हय बघ. खाली बोट लाव."

इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा एक पंप असतो. टाकीतलं डिझेल ओढून वर पाठवायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला फीड पंप म्हणायचो. त्याच्या पोटाशी बारीकसं भोक होतं आणि त्या भोकातून डिझेलचा थेंब गळत होता. मी बोट लावलं, ओलं झालं.

"आत रबराचो पडदो आसता," मामा म्हणाला. "तो वरखाली व्हता, तेवा डिझेल चढता. पडदो फाटलो की डिझेल खाली उतारता. ह्यां भोक कित्याक ठेवलेला? तर खालसून थेंब पडाक लागलो की समजायचा, रबर गेला. नायतर डिझेल गपचूप इंजिनात जाईत, ऑइलात. कळाचा नाय कोणाक."

"मग नवा पंप आणतो."

"नवो नको. बॉडी सोन्यासारखी आसा. फकत रबराचो किट आण, ओरिजनल. मिस्त्री अर्ध्या तासात बसवीत."

एवढं त्यानं मला सांगितलं होतं. भोक कशासाठी असतं, ते मला माहीत होतं. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला 'मला कुठे माहीत होतं' असं सांगून पाहिलं.

त्याच सुमारास शेठनं अंधेरीला मालाच्या बुकिंगसाठी ऑफिस काढायचं ठरवलं होतं. तिथं बसायला माणूस हवा होता. शेठ कच्छी, मराठी झकास बोलायचे, पण स्वतःच्या चालीत. "मला डोकं चालवणारा पायजे," ते म्हणायचे. "मान हलवणारे पुष्कळ हाय." अंधेरीचं ऑफिस म्हणजे टेबल, पंखा, फोन, आणि पगार जवळजवळ दीडपट. मी बाबांना ते सांगून बसलो होतो. बाबांनी स्टूलवरचा पेपर खाली ठेवला होता, इतकं त्यांना बरं वाटलं होतं.

पंपाचं शेठना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ओरिजनल माल? भाव ऐकलाय काय? बाजारात फिर जरा. स्वस्त आण, पण चालणारं आण."

मी बाजारात फिरलो.

ते फिरणं मला आवडायचं, हे खोटं कशाला सांगू. दुपारी आवारातून निघायचं, घाटकोपरला उतरायचं आणि तिथून कुर्ल्याच्या दिशेनं दुकानं पालथी घालत जायचं. जुन्या गाड्यांचे दरवाजे भिंतीला टेकवलेले, गिअरांच्या माळा, ग्रीसनं काळे झालेले फुटपाथ. प्रत्येक दुकानाचा माणूस ओळखीचा. एकजण मी दिसलो की ओरडून विचारायचा, "आज कुणाचं ऑपरेशन?"

पहिलं दुकान कंपनीच्या मालाचं. काचेचं काउंटर, सीलबंद खोके. किट विचारलं तर म्हणाला, आठवड्यानं येईल. अख्खा पंप हवा तर आत्ता आहे. त्यानं भाव सांगितला आणि मी काउंटरवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दुकानात जुने पंप नवे करून मिळायचे. चंदेरी रंग मारलेला एक पंप त्यानं पुढे ठेवला. मी त्याची दांडी हलवून बघितली. पिन झिजलेली, दांडी डुगडुगत होती. रंगाखाली जुना गंज होता, नखानं खरवडला तर निघाला. मी पंप परत ठेवला. दुकानदार हसला. "तुला फसवता येत नाय यार," तो म्हणाला. ते वाक्य मी तेव्हा बक्षिसासारखं खिशात घातलं.

तिसरं दुकान गल्लीत, पोटमाळ्याखाली. तिथला म्हातारा हिंदीच बोलायचा. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन पंप सोडून काउंटरवर मांडले. लोकल माल, कुठल्यातरी शेडमध्ये ओतलेला. भाव ओरिजनलच्या अर्ध्याहून कमी. मी तिन्ही तपासले, आणि घाईनं नाही तपासले. डिझेल आत यायच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि दांडी चालवायची, म्हणजे पंप किती ओढतो ते अंगठ्याला कळतं. मग दांडी सोडून मनात आकडे मोजायचे, ओढ किती वेळ टिकते ते बघायला. पहिला पाचपर्यंत टिकला. दुसऱ्याचं ओतकाम खडबडीत होतं, जोडाची बाजू सपाट नव्हती. तिसऱ्यानं अंगठा असा धरला की विसापर्यंत सोडला नाही. स्क्रू सगळे सारखे आवळलेले, आतल्या झडपेचा टकटक आवाज स्वच्छ. मी खूश झालो. मग सहज तो उलटा केला, तर पोटाशी भोक नव्हतं.

"चाचा, इसका नीचे का छेद?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "छेद ही नहीं, तो टपकेगा कहाँ से?"

आम्ही दोघं हसलो. मी हसत हसतच विचारलं, "और रबर फटा तो पता कैसे चलेगा?"

"फटेगा ही नहीं. फटे तो आके गाली देना मुझे."

मी तो पंप घेतला. परतताना बसच्या खिडकीशी बसून मांडीवर त्याचं ओझं सांभाळत मनाशी वाक्य तयार केलं: 'शेठ, हा गळतच नाही.' आवारात आल्यावर तेच वाक्य म्हटलं. शेठनी पंप हातात घेऊन तोलला, भाव विचारला आणि गादीवर बसलेल्या त्यांच्या भावाला दाखवून म्हणाले, "बघ. आठ दिवस किटची वाट बघत बसला नाय. डोकं हाय पोरामध्ये."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. तो आठवड्यातून दोनदाच यायचा, चार ठिकाणची कामं असायची त्याच्याकडे. पंप हातात घेताच त्यानं उलटा करून बघितला.

"खालचं भोक कुठाय रे?"

"नवीन डिझाइन आहे," मी म्हणालो. "शेठना दाखवलंय."

डिझाइनचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं. मिस्त्रीनं खांदे उडवले. "तू म्हणतोस तर तसं," म्हणाला आणि पाना हातात घेतला.

मामा बाजूला उभा होता. त्याला किट हवं होतं, मिळालं नाही, तरी त्यानं तोंड वाकडं केलं नाही. गाडीत काही मोठं बसवलं की गाऱ्हाणं घालायची त्याची रीत होती. बॉनेटपुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि गावच्या देवाला मोठ्यानं सांगायचं. आजूबाजूच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेव्हा आवारातले सगळे जमायचे, शेठसुद्धा गादीवरून उठून यायचे.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या गाडयेक नवो पंप बसवलेलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या पोरान आपल्या अकलेन शोधून आणल्यान हा. तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"काय चूकभूल झाली असात, तर ती पदरात घी. तेची इडापीडा गाडयेवर येव नको, माणसांर येव नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने माझ्या आठवणीत फार सुखाचे आहेत. अंधेरीच्या ऑफिसची जागा बघायला, रंगकाम करून घ्यायला शेठ मला पाठवायचे आणि मी मामाच्याच गाडीतून जायचो. केबिनमध्ये उदबत्तीचा वास, पुढच्या काचेवर लटकणारी शंखांची माळ, मामाच्या पायाशी तपकिरीची डबी. पवईचा तलाव आला की तो दरवेळी एकच वाक्य बोलायचा, "हय मगर आसा, माका दिसलेली." कधी दिसली ते विचारलं की साल बदलायचं.

एकदा शेठना विचारून मी नाशिकपर्यंत गेलो. कसाऱ्याचा घाट चढून वर आलो तेव्हा भर दुपार होती. मामानं गाडी एका मोठ्या झाडाखाली लावली. आम्ही डबा खाल्ला. भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी, कांदा. मग त्यानं सीटवर पंचा पसरला. "घाट चढल्यार म्हातारेक तासभर गार होवक दिवची. आणि माका पण," म्हणाला आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागला. मी पायरीवर बसून खालचा रस्ता बघत राहिलो. वरून ट्रक मुंगळ्यांसारखे दिसत होते. इतका निर्धास्त झोपलेला माणूस मी घरात पाहिला नव्हता. बाबा तर त्या दिवसांत झोपेतही कूस बदलत असायचे.

याच महिन्यांत मामा 'म्हातारेक दूध दी' म्हणायचा थांबला. सकाळी पट्टी काढायचा, उन्हात धरायचा, आणि ऑइल जिथल्या तिथं. एक दिवस तो ती पट्टी तशीच घेऊन माझ्या दारात आला.

"बघ झिला. इंजिन ऑइल पिणा नाय आता. जवान झाला."

"कसं काय मामा?"

"देवाची कृपा. आणि तुझो पंप."

मी पट्टी हातात घेतली नाही. घेतली असती, नाकाजवळ नेली असती, तर सगळं तिथंच उघड झालं असतं. त्याला वास येत नव्हता, पण माझं नाक शाबूत होतं. मी फक्त हसलो. माझ्या पंपाचं कौतुक मला पुरेसं होतं.

त्याच महिन्यांत गाडी डिझेल जास्त खाऊ लागली. आधी थोडं, मग डोळ्यांवर येईल इतकं. धूरही जरा जास्त होता, पण मामा म्हणायचा, जुनी गाडी घाटात धूर सोडणारच. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात डिझेल कमी पडलं की उत्तर एकच असतं. ड्रायव्हर विकतो. वाटेत ढाब्यामागे नळी घालून डबा भरून देतात, हे सगळ्यांना माहीत असतं. शेठनी पहिल्यांदा हसत विचारलं, दुसऱ्यांदा हसले नाहीत.

बाकीच्या ड्रायव्हरांना विषय मिळाला. हौदावर आंघोळ करता करता एकजण म्हणायचा, "मामा, गावाला माडी चढवतोयस म्हणे. पायाभरणी डिझेलनं केली का?" मामा आधी उलट टोला द्यायचा. "तुझ्या बापाशीक बोलवलंय पूजेक." पुढे पुढे तो टोले द्यायचा थांबला. टॉवेल उचलून निघून जायचा.

शेवटी एका सकाळी शेठनी त्याला गादीसमोर उभं केलं. मलाही बोलावलं. बाहेर चारही ड्रायव्हर काम नसताना घुटमळत होते.

"मामा, किती वर्षं हाय माझ्याकडे?"

"बारा."

"बारा वर्षांत मी तुला कधी विचारलं काय? आज विचारतो. डिझेल कुठं जाते?"

"शेटानु, मी एक थेंब इकूक नाय. देवाशपथ."

"मग गाडी पिते?"

"माका काय ठावक? गाडयेत काय बिघाड आसात. ह्येका इचारा." त्यानं माझ्याकडे बघितलं. "झिला, तू सांग शेटाक."

शेठ माझ्याकडे वळले. "बोल. गाडीत फॉल्ट हाय काय? पंपात?"

मी म्हणालो, "नाही शेठ. पंप तर नवाच आहे."

खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. पण त्या घटकेला पोटाशी भोक नसलेला तो पंप डोळ्यांपुढे येऊन गेला होता. मी तो बाजूला सारला. 'एकदा बघून सांगतो' एवढं म्हणायला काहीच लागत नव्हतं.

मामानं खिशातून गाडीची चावी काढली आणि शेठच्या गादीच्या कडेला ठेवली. शेठनी त्याला जा म्हटलंच नव्हतं. केबिनमधली शंखांची माळ आणि तपकिरीची डबी घेऊन तो आवारातून चालत बाहेर पडला. लुगड्याचा तुकडा बॉनेटखाली तसाच राहिला.

नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी उभी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेठ म्हणाले, जरा सुरू करून ठेव, बॅटरी उतरेल. मी बॉनेट उघडलं. मामाचा तो तुकडा घेतला, पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल खुणेवरच होतं, पण पाण्यासारखं पातळ. मी पट्टी नाकाशी नेली. डिझेल.

मी गाडी सुरू केली नाही. रविवारपर्यंत थांबलो. रविवारी दुपारी आवारात चौकीदाराशिवाय कुणी नसायचं. मी पंप उतरवला, स्क्रू काढून उघडला. रबर एका कडेनं अर्धचंद्रासारखं फाटलं होतं. गळायला बाहेर वाट नव्हती, म्हणून डिझेल आत उतरत होतं. म्हातारं इंजिन ते पातळ झालेलं ऑइल आधीपेक्षा जास्त पीत होतं आणि त्याची जागा डिझेल भरून काढत होतं. म्हणून पट्टीवर खूण हलत नव्हती. ज्याला मामा देवाची कृपा म्हणत होता, ते हे होतं.

"काय साहेब, सुट्टीच्या दिवशी?" चौकीदारानं विचारलं.

"सर्व्हिसिंग," मी म्हणालो.

मला तेव्हाच उठून शेठच्या घरी जाता आलं असतं. ते मुलुंडलाच राहायचे, दहा मिनिटांवर. मी लिंबाखाली बसून राहिलो. अंधेरीचं ऑफिस, स्टूलवरचे बाबा, 'नवीन डिझाइन आहे' हे मिस्त्रीला सांगितलेलं वाक्य, 'पंप तर नवाच आहे' हे शेठना सांगितलेलं. सगळी वाक्यं माझीच होती. एक मागे घेतलं की बाकीची पडणार होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पगारातून कंपनीचा ओरिजनल पंप आणला आणि मंगळवारी पहाटे कुणी यायच्या आत बसवला. ऑइल बदललं. जुनं ऑइल खड्ड्यात ओतून वर माती टाकली. मनाशी म्हटलं, आता गाडी सुधारेल, शेठचा राग शांत होईल, मग मामाला परत बोलावू. मला खरंच तसं वाटलं होतं.

नवा ड्रायव्हर आला. पहिल्याच फेरीला डिझेल पूर्वीसारखं पुरलं. दुसऱ्या फेरीलाही. शेठनी सगळ्यांदेखत मांडीवर थाप मारली.

"बघितलं? ड्रायव्हर बदलला, अॅव्हरेज आला. अजून पुरावा काय पायजे?"

 हौदावरच्या ड्रायव्हरांतल्या एकाला मामावरचा आळ आतून पटला नव्हता, तोही म्हणाला, "खरंच विकत होता म्हणजे." मी गुपचूप बदललेल्या पंपानंच मामावर शिक्का मारला. आवारात कुणी त्याची बाजू घेणारं उरलं असेल, तर तेही त्या दिवशी संपलं.

महिन्याभरात मी अंधेरीला गेलो. टेबल, पंखा, फोन. बाबांनी चाळीत पेढे वाटले.

मामाला लांबच्या फेऱ्या पुन्हा कुणी दिल्या नाहीत. मुलुंडपासून भिवंडीपर्यंत सगळे ट्रान्सपोर्टवाले एकमेकांना ओळखतात, आणि डिझेल विकणारा ड्रायव्हर ही बातमी ट्रकच्या आधी पोचते. कांदिवलीला तो पाण्याचा टँकर चालवतो, असं मिस्त्रीकडून कळलं. चार वर्षांनी, नोकरी बदलल्यावर, मी धीर करून गेलो. कांदिवलीतल्या चारकोपला सेक्टरमध्ये नवी घरं झाली होती, तिथं एका खोलीत तो राहत होता. जाताना शबनम पिशवीत तो फाटलेला पंप घेतला होता. दाखवायला.

दार मामानंच उघडलं. केस पांढरे झाले होते. मला बघून त्याला इतका आनंद झाला, की मी पिशवी दारामागेच ठेवली.

"अगो, बघ कोण इलोहा. स्टोअरवालो," त्यानं आत हाक मारली. "पँट बघ तेची. सायब झालोहा."

मामी चहा घेऊन आली. दुपारचे तीन वाजले असतील. बोलता बोलता मामा स्वतःच त्या विषयावर आला.

"माका कळला मागीर, डिझेल खय गेला ता."

मी दारामागच्या पिशवीकडे बघितलं.

"घाटार झोपायचंय ना मी. तासभर. तेवाच कोणीतरी नळी घालून काढल्यान असात. शेटाचो काय दोष? तेंचो माल माझ्या ताब्यात, आणि मी घोरतंय. माझ्याच झोपेन माझो घात केल्यान."

"मामा, तसं नसेल."

"नाय रे. दुसरा काय असतला? तू नवो पंप आणलंस, तो बरो चललो. ऑइल पण पिणा नाय होता इंजिन." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू माझ्यार आळ घेवक नाय. सगळे बोलले, तू नाय. तू फकत पंप नवो आसा म्हणून सांगितलंस. ता खराच होता."

मामी म्हणाली, "तेवापासून दुपारी पाठ टेकीत नाय. सुटी असली तरी खुर्चेर ताठ बसतत. डोळो लागलो तर दचकान उठतत."

मी चहा संपवला. निघताना पिशवी उचलली.

"काय जड आसा काय?" मामानं विचारलं.

"कामाचं सामान आहे," मी म्हणालो.

तो रिक्षा स्टँडपर्यंत मला सोडायला आला. परत ये म्हणाला. मी गेलो नाही. काही वर्षांपूर्वी तो वारल्याचं मिस्त्रीनंच सांगितलं. शेठही आता नाहीत. आवाराच्या जागी इमारती आहेत, मिठागरांवरून वारा अजून येत असेल.

पंप माझ्याकडे आहे, पलंगाखालच्या ट्रंकेत, एका जुन्या वर्तमानपत्रात. मामी अजून चारकोपला राहते. मी तिला एवढं सांगायचं देणं लागतो: डिझेल कुणी चोरलं नव्हतं. तो घाटावर झोपला होता तेव्हाही नाही. पंप मी आणला होता, तो फाटलेला मी पाहिला होता, आणि मी बोललो नाही. मामाला हे सांगायचं राहून गेलं. मामीला सांगणं अजून बाकी आहे.